घासलेल्या अर्धपेन्या

थिर्झा हेबल्थवेट आंधळी होती, पण सुट्ट्या पैशांत तिला कुणी फसवू शकलं नव्हतं. तीन पेनीचं नाणं बाराकोनी असतं, ते कुणीही ओळखेल. थिर्झा मात्र दोन शिलिंग आणि अडीच शिलिंग यांतला फरकही नख फिरवून सांगायची. बसचा कंडक्टर तिच्या तळहातावर मोड ठेवून मुद्दाम थांबायचा. "एक पेनी कमी आहे," असं ती म्हणाली की सगळी बस हसायची आणि तो आधीच मुठीत धरलेली पेनी तिला द्यायचा.

स्कार रो म्हणजे टेकडीच्या कडेला गिरणीने विणकरांसाठी बांधलेली पाच दगडी घरं. त्यातली चार आता रिकामी होती, खिडक्यांवर फळ्या ठोकलेली. पाचव्यात थिर्झा राहायची, आणि तिची सून नोरीन. क्लिफर्ड, म्हणजे एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा, दोन वर्षांपूर्वी छातीच्या आजाराने गेला होता. नोरीन छत्तिशीची. दिवसा खाली दरीतल्या गिरणीत माग सांभाळायचा, संध्याकाळी टेकडी चढून यायचं, सासूला पेपर वाचून दाखवायचा, भांडी घासायची, झोपायचं. रविवारी चॅपल. दोन वर्षं हेच चाललं होतं.

घरात गॅसची शेगडी होती. क्लिफर्डने कोळशाची जुनी चूल उपटून, धुराडं विटांनी बुजवून तिच्या जागी ती बसवून घेतली होती. दुकानात तिची किंमत चौदा गिनी लिहिली होती. गिनी नावाचं नाणं कुणाच्या आजोबांनीही वापरलेलं नव्हतं, पण भारी वस्तूंची किंमत सांगायची ती गिनीतच. पौंडाचे वीस शिलिंग, तर गिनीचे एकवीस.

"म्हणजे चौदा शिलिंग नुसत्या ऐटीचे," थिर्झा तेव्हा म्हणाली होती.

या शेगडीचा मीटर जिन्याखालच्या कपाटात होता आणि तो फक्त शिलिंग खायचा. शिलिंग टाकायचं, मूठ फिरवायची, नाणं आत पडल्याचा आवाज झाला की तेवढ्यापुरता गॅस. पौंडाची नोट असो नाहीतर अडीच शिलिंगचं भलंमोठं नाणं, मीटरला त्याचं काही नव्हतं. म्हणून हिवाळा लागला की सगळ्या दरीतली शिलिंगं गायब व्हायची. जो तो साठवून ठेवायचा. दुकानदार मोड देताना सहा पेनीची दोन नाणी द्यायचे, पण शिलिंग काही हातचं सोडायचे नाहीत. थिर्झाने शेगडीवरच्या फळीवर, मँटलपीसवर, मुरांब्याच्या बरणीत शिलिंगं साठवलेली होती. ती अधूनमधून बरणी हलवून बघायची, दुसरं कुणी घड्याळ बघतं तसं.

त्रेसष्ट सालच्या फेब्रुवारीत एका बुधवारी नोरीनने ती बरणी रिकामी केली.

मोरकंबला समुद्रकाठच्या एका खानावळीत तिला स्वयंपाकाचं काम मिळत होतं. राहायला खोलीही होती, पण खोलीचं आगाऊ भाडं बुधवारच्या टपालाने निघायला हवं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या बाईला. नोरीनने हे सासूला सांगितलेलं नव्हतं. नाताळाआधी सांगणार होती. नाताळानंतर सांगू म्हणाली. मग जानेवारी गेला. शेवटी तिने मनाशी ठरवलं, आधी पैसे पाठवू, मग सांगावंच लागेल. पोस्टात बरणीतली शिलिंगं देऊन तिने मनीऑर्डर केली. शुक्रवारी पगार झाला की गिरणीच्या खजिनदाराकडून शिलिंगं मागून घेऊन बरणी पुन्हा भरणार होती. तोपर्यंत बरणी हलकी लागू नये म्हणून तिने मोरीजवळच्या डब्यातल्या अर्धपेन्या तिच्यात ओतल्या. अर्धपेनी तांब्याच्या रंगाची आणि शिलिंगाहून जराशी रुंद, पण वजनाला जवळजवळ तेवढीच.

गुरुवारी बर्फ सुरू झालं.

त्या साली नाताळापासूनच सगळा देश गोठलेला होता, त्यामुळे पहिल्या दिवशी कुणाला नवल वाटलं नाही. पण हे बर्फ वाऱ्याबरोबर आडवं येत होतं. शुक्रवारी सकाळी नोरीनने गिरणीत जायला दार आत ओढलं, तर समोर दाराएवढी पांढरी भिंत उभी. भिंतीवर दाराच्या फळ्यांचा आणि कडीचासुद्धा ठसा उमटलेला.

"काय झालं?" थिर्झाने आतून विचारलं.

"रस्ता बंद आहे, आई."

"बस बंद का रस्ता बंद?"

"सगळंच."

नोरीनने दार लावलं. नळ उघडला, तो नुसताच खाकरला आणि गप्प झाला. दाराच्या भिंतीतलं बर्फ तिने पातेल्यात खरवडून घेतलं आणि शेगडीवर ठेवलं. एवढ्या ढिगाचं पाणी होऊन होऊन किती, तर दोन कप. आता पाण्यालाही गॅस लागणार होता.

तो दिवस आणि दुसराही दिवस तिने ज्योत बारीक करून काढला. थिर्झाने शालीवर शाल घेतली. "शिलिंग टाक गं," ती म्हणायची आणि नोरीन म्हणायची, "अजून आहे, आई." मग जिन्याखाली जाऊन कपाटाचं दार उघडायची, मीटरचा काटा बघायची आणि दार लावायची. तिच्या पर्समध्ये पौंडाची एक नोट आणि अडीच शिलिंगचं एक नाणं होतं. ते नाणं तिने मीटरच्या फटीला लावूनही बघितलं. जाणार नाही हे माहीत असूनही.

रविवारी दुपारी ज्योत निळी झाली, फडफडली आणि विझली.

थिर्झा उठली, भिंतीच्या आधाराने मँटलपीसपाशी गेली आणि बरणी काढली.

"मी टाकते ना, आई. तुम्ही बसा."

"परवापासून तू टाकतेच आहेस."

तिने बरणीत हात घातला. एक नाणं काढलं, अंगठ्याने त्याची कड चाचपली. शिलिंगाच्या कडेला बारीक खाचा असतात. या कडेला काहीच नव्हतं. ते तिने टेबलावर ठेवलं. दुसरं काढलं. तिसरं. मग बरणी पालथी केली आणि दोन्ही हात त्या ढिगावर ठेवून उभी राहिली.

"बुधवारपासून बरणी बसकी वाजतेय," ती म्हणाली. "मला वाटलं, डोळ्यांमागोमाग कानही गेले. चार दिवस मी तोच विचार करत होते. आता काय राहिलं, म्हटलं."

नोरीनने शिव्यांची तयारी ठेवली होती, चोर म्हणवून घ्यायचीसुद्धा. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिने खुर्चीची पाठ धरली आणि सगळं सांगून टाकलं: मोरकंब, खानावळ, खोली, मनीऑर्डर, शुक्रवारचा पगार.

"आणि माझं काय ठरवलं होतंस?"

"पास्टरना सांगणार होते. तुमची काही सोय..."

"आधी पास्टर, मग मी. बरं."

नोरीनने क्लिफर्डचा जुना कोट चढवला, वरच्या मजल्याची खिडकी उघडली आणि बाहेर उतरली. शेजारचं शेत टेकडीपलीकडे होतं, तिथे टेलिफोन होता. पाच-सहा पावलं ती कशीबशी गेली. मग पायाखालचं बर्फ खचलं आणि ती छातीपर्यंत आत गेली. खाली कुंपण आहे का खड्डा, कळेना. पाय टेकायला काहीच लागत नव्हतं. ओरडली तर आवाज तोंडापुढेच विरत होता. आपण इथेच राहिलो तर घरात ती बाई बसल्या जागी हाका मारत राहील, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. हातांनी बर्फ मागे ढकलत, पोटावर सरपटत ती परत खिडकीपाशी आली. आत पडली तेव्हा तिचे दात इतके वाजत होते की थिर्झाला जिन्याखालून ऐकू गेले.

"आलीस का?"

"आले."

"मग खाली ये. मी काय म्हणते, अर्धपेनी शिलिंगापेक्षा केवढीशी मोठी?"

नोरीनला वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला.

"नखाच्या कडेएवढी," थिर्झाच पुढे म्हणाली. "मी पंचवीस वर्षांची असताना चॅपलमध्ये एका बाईवर प्रवचन झालं होतं. अर्धपेन्या दगडावर घासून ती गॅसच्या मीटरमध्ये टाकायची. पास्टर असे काही तापले होते! कुठल्या दगडावर घासायची, किती घासायची, पाणी कधी शिंपडायचं, सगळं सांगितलं. त्या दिवशी अख्खं चॅपल शिकून घरी गेलं."

"पण ही चोरी झाली."

"चोरी तर तू बुधवारीच केलीस. आता निदान माझ्या उपयोगाची कर."

मोरीचा दगड वालुकाश्माचा होता, खरखरीत. दोघींनी त्याच्या दोन बाजूंना खुर्च्या घेतल्या, गोधड्या अंगावर ओढल्या आणि एकेक अर्धपेनी चिमटीत उभी धरून तिची कड घासायला सुरुवात केली. जरा फिरवायची, घासायची, पुन्हा फिरवायची. बोटांना चटके बसायचे. नाण्याच्या एका बाजूला राणी आणि दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज. घासता घासता भोवतीची किनार जायची आणि जहाज पार काठाला यायचं. नोरीनचं पहिलं नाणं फटीत अडकलं; चाकूच्या टोकाने उकरून काढावं लागलं.

"दे इकडे," थिर्झा म्हणाली. तिने कड चाचपली. "एका बाजूला पोट राहिलंय. तुला दिसतंय म्हणून तू बघतेस. डोळे मीट आणि हात लाव."

दुसऱ्या खेपेला नाणं फटीत शिरलं. नोरीनने मूठ फिरवली. ती अर्ध्यावर अडली, मग करकरत पुढे सरकली आणि आत नाणं पडल्याचा आवाज झाला. तिने काडी ओढली. शेगडी पेटली. थिर्झाने दोन्ही हात पुढे धरले आणि म्हणाली, "देवा, क्षमा कर. आणि चहा टाक."

मग दिवस असेच गेले. घासायचं, टाकायचं, बर्फ वितळवायचं, पुन्हा घासायचं. खिडक्यांवर बर्फ चढलेलं, त्यामुळे घरात दिवसभर दुधाळ उजेड. विजेचा दिवा लावला की थिर्झा म्हणायची, "माझ्यासाठी नको." रेडिओवर कुठकुठल्या गावांची नावं यायची, स्कार रोचं नाव कधीच नाही. पिठाचा डबा खरवडून झाला. ओटचं पीठ होतं, कांदे होते, डुकराच्या चरबीचं एक भांडं होतं. नोरीनला कधी कधी वाटायचं, बाहेर जग उरलेलंच नाही. मोरकंब नाही, गिरणी नाही. आपण दोघी, हा दगड आणि हे घासणं, बास. आणि मग तिच्या मनात यायचं, की बर्फ नव्हतं तेव्हा तरी दुसरं काय होतं?

एका सकाळी तिच्या हातातून नाणं निसटून मोरीत पडलं आणि ती एकदम ओरडली, "मला नाही होत आता हे!"

थिर्झा घासायची थांबली. "हे म्हणजे काय? नाणी का मी?"

"दोन्ही."

"मग दोन वर्षांपूर्वीच का नाही गेलीस?"

"क्लिफर्डला शब्द दिला होता. हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात. 'आईला टाकू नकोस,' म्हणाला. 'तिला तुझ्याशिवाय कुणी नाही.'"

थिर्झाने हातातलं नाणं दगडावर ठेवलं.

"मला म्हणाला, 'नोरीनला एकटं टाकू नकोस. तिला कुणी नाही.'"

"कधी?"

"त्याच आठवड्यात. तू घरी कपडे बदलायला आली होतीस." तिने नाणं पुन्हा उचललं. "स्किप्टनच्या चॅपलच्या वृद्धाश्रमातून मला दोनदा विचारलं. माझी धाकटी बहीण आहे ना तिथे. दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. म्हटलं, ही पोरगी एवढ्या मोठ्या घरात एकटी भिंतींशी बोलेल."

नोरीनला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. ती उठली आणि क्लिफर्डच्या शेगडीला तिने पायातल्या बुटाने अशी लाथ हाणली की वरचं पातेलं कलंडलं.

"दोन वर्षं!" ती म्हणाली. "दोन वर्षं, आई! एक शब्द बोलला असतात तर?"

"तू बोलली असतीस तर?"

"मला वाटलं, तुम्हाला..."

"आणि मला वाटलं, तुला. तो गेला निवांत, दोघींना एका खुंटीला बांधून." थिर्झाने शाल सारखी केली. "आणि खोटं कशाला बोलू, तुझ्या हातचा चहा मिळत होता. आश्रमातला चहा पांचट असतो, बहीण सांगते. सगळाच काही मी त्याग केला नाही."

नोरीन मटकन खाली बसली आणि हसायला लागली. मग हसण्याचं रडणं झालं. थिर्झाने हात पुढे करून तिचं डोकं शोधलं, पण जवळ बिवळ घेतलं नाही. नुसता हात ठेवला आणि म्हणाली, "पातेलं उचल. पाणी जातंय."

त्यानंतर दोघी भांडल्या तेवढ्या दोन वर्षांत भांडल्या नव्हत्या. पेपर वाचताना नोरीनचा आवाज प्रेतयात्रेसारखा असतो, हे थिर्झाने सांगून टाकलं. सासूने दर रविवारी तिची टोपी चाचपून मारलेले टोमणे नोरीनने एकेक करून ऐकवले. घर तेवढंच बंद होतं. दार उघडलं की तीच भिंत, फक्त आता काळपट. पण जेवताना कुणी गप्प बसत नव्हतं.

शेवटी एका दुपारी वरून फावड्यांचे आवाज आले. नगरपालिकेची माणसं आणि शेतावरचा गडी वरच्या अंगाने खणत आले. दारातली भिंत आतल्या बाजूला कोसळली आणि मागून एका लालबुंद माणसाचं तोंड दिसलं.

"जिवंत आहात का?"

"पाय पुसून आत ये," थिर्झा म्हणाली.

मोरकंबची खोली गेली होती. खानावळवालीने दुसरी बाई ठेवून घेतली आणि भाडं परत पाठवलं, त्यातून टपालखर्च कापून. नोरीन ते पैसे हातात धरून बराच वेळ बसली. पण आता गोष्ट सांगून झालेली होती, ती परत गिळता येत नव्हती. थिर्झाने स्किप्टनला होकार कळवला. नोरीनने ब्रॅडफर्डच्या बस डेपोच्या कॅन्टीनमध्ये नोकरी शोधली. घर गिरणीला परत करायचं ठरलं.

घर सोडण्याआधी मीटर रिकामा करायला गॅस कंपनीचा माणूस आला. ऑल्ड्रॉइड त्याचं नाव, चॅपलमध्ये त्यांच्याच मागच्या बाकावर बसणारा. त्याने पेटी टेबलावर ओतली आणि शिलिंगांच्या चवडी लावायला लागला. लावता लावता त्याची बोटं थांबली. पांढऱ्या नाण्यांत तांबूस नाणी, बिनकिनारीची, जहाज काठावरून पडायला आलेलं.

नोरीनने तोंड उघडलं, तोवर थिर्झा म्हणाली, "ती माझी."

"मिसेस हेबल्थवेट! राणीचं नाणं घासणं हा गुन्हा आहे."

"मग राणीला सांग, शिलिंगं जरा जास्त पाड. आणि तुझ्या साहेबाला सांग, बर्फात बायका गोठून मेल्यावर मीटर वाचायला कुणी उरत नाही. ही घे खरी शिलिंगं. चाचपून घे, मी चाचपलीत."

ऑल्ड्रॉइडने त्या तांबूस नाण्यांच्या जागी खरी शिलिंगं ठेवली. मग एक घासलेली अर्धपेनी उचलून उजेडात धरली. "काम मात्र स्वच्छ आहे," तो पुटपुटला. वर पाठवलेल्या कागदावर त्याने काय लिहिलं ते कुणाला कळलं नाही, पण कुणी विचारायलाही आलं नाही.

मार्चच्या शेवटी नोरीन सासूला स्किप्टनला घेऊन गेली. बर्फ फक्त कुंपणांच्या सावलीत उरलं होतं. आश्रमाच्या दारातच थिर्झाची बहीण उभी होती, तेवढीच किडकिडीत आणि तेवढीच मोठ्याने बोलणारी. थिर्झाने खोलीत फिरून सगळ्या भिंती चाचपल्या, पलंगावर बसून गादी दाबून बघितली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता जा तू. रविवारी येऊ नकोस, रविवारी इथे दोन-दोन प्रवचनं असतात. शनिवारी ये. आणि येताना चांगली चहापत्ती आण."

"आणते, आई."

"आणि ऐक. पेपर वाचायला इथे एक बाई आहे. सिनेमाची गोष्ट सांगावी तशी वाचते."

"मग बरंच झालं की."

"बरं कसलं! एकही बातमी खरी वाटत नाही," थिर्झा म्हणाली आणि तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

नोरीन बाहेर पडली तेव्हा चार वाजत आले होते. तिचे पाय आपोआप भराभर पडायला लागले. घरी जायचं, शेगडी पेटवायची, सासूचा चहा टाकायचा. अर्ध्या रस्त्यात ती थांबली. कुणाचा चहा टाकायचा नव्हता. ब्रॅडफर्डच्या खोलीत कुणी वाट बघत नव्हतं. बस अजून तासाभराने होती. तिला एकदम इतकं उघड्यावर पडल्यासारखं वाटलं की परत मागे वळून धावत जावं. ती तशीच फुटपाथवर उभी राहिली, माणसं तिला वळसा घालून जात राहिली.

मग समोरच्या चहाच्या दुकानात ती शिरली आणि खिडकीजवळ बसली. मुलीने चहा आणून ठेवला. दुसऱ्या कुणी केलेला चहा आपल्यापुढे आयता यायची तिला सवय नव्हती. चहा पांचट होता. तिने तो सगळा प्यायला, हळूहळू, आणि दुसरा सांगितला.